कोपऱ्यावरची घंटी

सोमवारी सकाळी नीळकंठराव साठवणे दुधाच्या बूथवर पोचले तेव्हा रांगेत आठ-नऊ माणसं होती आणि सगळी एकच पेपर वाचत होती. पेपर एकाच्या हातात होता, बाकीच्यांच्या माना त्यात होत्या. नीळकंठरावांनी सायकल भिंतीला टेकवली आणि ते रांगेच्या शेवटी उभे राहिले. माना एकेक करून वर आल्या. पेपरवाल्यानं घडी घातली, पण इतकी सावकाश की वर राहिलेला मथळा नीळकंठरावांना न वाकता वाचता आला. 'जेल जाने से पहले बन गया औरत.' खाली कारखान्याच्या फाटकाचा फोटो होता.

"बाबूजी, दो थैली ना? ले जाओ आप," बूथवाल्यानं रांगेवरून हात लांब केला. त्याला हे गिऱ्हाईक लवकर वाटेला लावायचं होतं.

"नंबर आएगा तब," नीळकंठराव म्हणाले.

पुढचा एक जण आकाशाकडे बघत म्हणाला, "तरकीब तो बढ़िया है यार. तीन साल की सजा, और वो भी लेडीज़ बैरक में."

"पहले पता होता तो मैं भी साड़ी खरीद लेता," दुसरा म्हणाला. दोघं-तिघं हसले. फार मोठ्यानं नाही. सत्तर वर्षांच्या माणसासमोर हसावं तेवढंच.

नीळकंठरावांच्या पुढे मराठी मंडळातल्या एक बाई होत्या. त्या हसल्या नाहीत. दूध घेऊन परतताना थांबल्या आणि पिशवीकडे बघत म्हणाल्या, "रत्नप्रभावहिनींना सांगाल का, यंदा आमच्या कुरडया नकोत म्हणून. नातवंडं खात नाहीत हो आता."

"सांगतो."

"गैरसमज नको बरं का."

"नाही, नाही."

मेचं ऊन सातलाच चटके द्यायला लागलं होतं. नीळकंठराव क्वार्टरांच्या लाइनीत वळले. कोपऱ्यावरच्या कडुलिंबापाशी त्यांचा अंगठा आपसूक घंटीवर गेला. दोनदा लांब, एकदा आखूड. पंचवीस वर्षं ती घंटी तिथंच, तशीच वाजत होती. नोकरीत होते तेव्हा लाइनीतल्या बायका ती ऐकून चहाचं आधण ठेवत. साठवणे बाबूची घंटी झाली, म्हणजे साडेपाच झाले. टाइम ऑफिसचा माणूस, त्याचं सगळं घड्याळावर, असं लोक कौतुकानं म्हणत. नीळकंठरावांनी त्यावर कधी काही म्हटलं नव्हतं.

घरात पुढच्या खोलीत खोकी रचलेली होती. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. नेहरू नगरला दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. मागच्या अंगणात रत्नप्रभा मोठ्या पातेल्यातलं गव्हाचं पाणी बदलत होती. आदल्या दिवशी भिजत घातलेला गहू आंबायला लागला होता, त्याचा वास घरभर होता. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढून रात्रभर बसू द्यायचा, आणि पाचव्या दिवशी पहाटे शिजवून कुरडया घालायच्या. टाउनशिपमधल्या निम्म्या मराठी घरांत दर उन्हाळ्यात तिच्याच हातच्या कुरडया जात.

"एक घर कमी झालं," नीळकंठराव म्हणाले.

"तीन झाली. दोघींचे फोन आले." तिनं वर पाहिलं नाही. "गहू भिजलाय. आता तो काही वाळणार नाही परत."

सुलभा कूलरच्या जाळीतला जुना खस ओढून काढत होती. तिचे पंजे रुंद होते, मनगटं जाड. वाइंडिंग शॉपमध्ये बारा वर्षं तांब्याच्या पट्ट्या गुंडाळून झालेली. अंगावर साधा सलवार-कुर्ता होता. केस कानाखाली आले होते आणि घामानं मानेला चिकटले होते.

सुलभा हे नाव घरात यायला महिना झाला होता. त्याआधी छत्तीस वर्षं ती हेमंत होती. शाळेच्या दाखल्यावर, कारखान्याच्या पासवर आणि खटल्याच्या कागदांवर अजूनही होती. पाच वर्षांपूर्वी शिफ्ट सुटताना लॉकर रूममध्ये तिनं विनायक काळमेघाच्या तोंडावर पाना मारला. विनायक समोरच्याच क्वार्टरमधला, बरोबर वाढलेला. त्याचा उजवा डोळा गेला. कोर्टात ती एवढंच म्हणाली, भांडण झालं, मी मारलं. भांडण कशावरून, ते तिनंही सांगितलं नाही आणि विनायकनंही नाही. तीन वर्षांची सजा लागली, नोकरी आणि तिच्या नावावरचं हे क्वार्टर गेलं, अपील फेटाळलं गेलं. येत्या गुरुवारी कोर्टात हजर होऊन तिथूनच जेलमध्ये जायचं होतं.

अपील फेटाळल्याच्या संध्याकाळी तिनं आई-बापाला समोर बसवलं होतं. म्हणाली, "शिक्षा मला मान्य आहे. डोळा मी फोडला. पण मी पुरुष नाही, कधीच नव्हते, आणि पुरुषांच्या बराकीत मी जिवंत राहणार नाही. कोर्टाला मी फक्त जागा मागणार आहे."

रत्नप्रभा म्हणाली होती, "तू पोटात होतीस तेव्हा मुलगी झाली तर सुलभा ठेवायचं, असं ठरवलं होतं मी."

नीळकंठरावांच्या तोंडी अजूनही कुठलंच नाव येत नसे. ते नुसतं "अरे" म्हणून थांबत आणि वाक्य बदलत.

संध्याकाळी वकीलबाई आल्या. सुचेता त्यांचं नाव, महाराणा प्रताप नगरात छोटं ऑफिस होतं. स्कूटरवरून उन्हातून आल्यानं तोंड लाल झालेलं. पाणी पिऊन त्यांनी सरळ नीळकंठरावांकडे खुर्ची वळवली.

"काका, गुरुवारी सरकारी वकील म्हणणार, हे जेलला घाबरून केलेलं नाटक आहे. पेपरवाले म्हणतातच आहेत. आमच्याकडचे कागद सगळे महिनाभरातले. डॉक्टरांची तपासणी व्हायची आहे, तिला वेळ लागेल. तोपर्यंत हिला कुठं ठेवायचं ते न्यायाधीश त्याच दिवशी ठरवणार. हे आजचं नाही, जुनं आहे, असं घरातल्या कोणीतरी उभं राहून सांगायला हवं."

"मी सांगते," रत्नप्रभा म्हणाली.

"तुम्ही सांगाच, काकू. पण आई लेकरासाठी काहीही बोलते, असं समोरचा म्हणणार. काकांबद्दल तसं कोणी म्हणणार नाही. सगळी टाउनशिप सांगेल, या माणसानं कधी खोटी हजेरी लावली नाही."

ते खरं होतं. मशीन येण्याआधी कारखान्यात पितळी बिल्ले होते. प्रत्येक कामगारानं आत येताना आपल्या नंबरचा बिल्ला फळ्यावर लटकवायचा. सात वाजून दहा मिनिटांनी नीळकंठराव फळ्याला जाळी लावत. त्यानंतर आलेल्याला खाडा. कोणी हात जोडले, कोणी चहा पाठवला, कोणी शिव्या दिल्या. ज्याचा बिल्ला त्यांनी डोळ्यांनी पाहिला नाही, त्याला त्यांनी कधी हजर लिहिलं नाही.

"जे मी पाहिलं नाही, ते मी सांगणार नाही," नीळकंठराव म्हणाले.

"काहीच पाहिलं नाही, काका? लहानपणी? एखादी गोष्ट?"

नीळकंठराव चष्मा पुसू लागले.

"बाबांना ओढू नका यात," सुलभा दारातून म्हणाली. "ते सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. त्यांना काय ठाऊक असणार."

मंगळवारी चारच्या सुमाराला समोरचं फाटक वाजलं. विनायकचे वडील वसंत काळमेघ रस्ता ओलांडून येत होते. वीस पावलांचा रस्ता, पण पाच वर्षांत त्यांनी तो ओलांडला नव्हता. त्याआधी चाळीस वर्षं रोज संध्याकाळी दोघं एकाच बाजेवर बसून एकच पेपर वाचत. आधी वसंतराव, मग नीळकंठराव, कारण वसंतरावांना बातमी मोठ्यानं सांगायची सवय आणि नीळकंठरावांना ऐकलेली परत वाचायची.

"ये वसंता."

"बसायला नाही आलो." पण गुडघा धरून ते बाजेच्या कडेवर बसलेच. रत्नप्रभानं पाण्याचा पेला आणून ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"गुरुवारी तू उभा राहणार म्हणतात."

"ठरलं नाही काही."

"विन्याला स्टोअरात बसवलाय. हातमोजे वाटतो. जिना उतरताना पायरी चुकतो अजून." वसंतराव जमिनीकडे बघत बोलत होते. "मी कधी तुझ्या दारात भांडायला आलो?"

"नाही."

"माझी बायको कधी वाकडं बोलली? कायद्यानं होईल ते होईल, म्हटलं. झालं. आता हे काय नवीन काढलंय? साडी नेसली की झालं?"

"सजा तेवढीच आहे, वसंता. जागा फक्त—"

"जागा कशाला पाहिजे वेगळी? गुन्हा करताना बाई होता का तो?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "ऐक. आमच्या अंगणात वाढलं ते पोर. मी कधी काही पाहिलं नाही. तू पाहिलंस? तू म्हणशील ते मी खरं धरतो. विन्या जन्मला त्या सकाळी मी दवाखान्यातून धावत आलो, बारा मिनिटं उशीर झाला, तू मला खाडा लावलास. मी मानलं. कारण तू खोटं लिहीत नाहीस. आता सांग. पाहिलंस कधी?"

आत पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज थांबला.

"नाही," नीळकंठराव म्हणाले.

वसंतराव उठले. "मग गुरुवारी घरी बस," म्हणाले आणि वीस पावलं परत गेले. पेला तसाच राहिला. थोड्या वेळानं नीळकंठरावांनी तो उचलून तुळशीत ओतला.

पंचवीस वर्षांपूर्वीचा एक शनिवार होता. वीज गेली म्हणून ऑफिस दोनलाच सुटलं. रत्नप्रभा मंडळात गेली होती. नीळकंठराव सायकल हातात धरून अंगणात आले आणि खिडकीतून त्यांना दिसलं. अकरा वर्षांचं पोर आईची जांभळी साडी नेसून जमिनीवर बसलं होतं. नाचत नव्हतं, आरशात बघत नव्हतं. पदर खोचून, एक गुडघा वर घेऊन, सुपात तांदूळ निवडत होतं. खडा सापडला की बाजूला टाकत होतं. त्या पोराला शाळेत मार बसे, घरी ते खाली मान घालून जेवे, झोपेत दात खाई. त्याचा चेहरा इतका निवांत नीळकंठरावांनी कधी पाहिला नव्हता.

ते मागे फिरले. चाकाची टिकटिक ऐकू जाऊ नये म्हणून मागचं चाक उचलून त्यांनी सायकल कोपऱ्यापर्यंत नेली. कारखान्याच्या भिंतीच्या कडेनं साडेपाचपर्यंत फिरत राहिले. सोमवारी बाजारातून मोठी घंटी आणून बसवली. पुन्हा तसं काही दिसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि दिसलं नाही.

बुधवारी गहू वाटायचा होता. मराठी मंडळाचं हातानं फिरवायचं यंत्र होतं, ते उन्हाळाभर घरोघर पाळीनं फिरे. बुधवार रत्नप्रभाचा होता. नीळकंठराव सायकलच्या कॅरिअरला दोरी बांधून ते आणायला गेले, तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी सुधाकरराव दारातच भेटले.

"यंत्र बिघडलंय हो, साठवणे."

आतून यंत्राचा घरघर आवाज येत होता. दोघांनीही तो ऐकला. सुधाकररावांनी कानामागं खाजवलं.

"म्हणजे, कमिटीतल्या बायकांचं म्हणणं पडलं, यंदा जरा राहू द्यावं. तुम्ही समजूतदार आहात."

"बरं," नीळकंठराव म्हणाले आणि दोरी गुंडाळून परत आले. कोपऱ्यावर घंटी वाजवली.

मग पाटा काढला. सहा किलो गहू पाट्यावर वाटायचा म्हणजे दिवस जाणार होता. सुलभानं कुर्त्याच्या बाह्या वर सारल्या आणि ती वरवंटा घेऊन बसली. रत्नप्रभा वाटलेलं पाण्यात कालवून फडक्यातून पिळत होती. नीळकंठराव कोंडा बाजूला काढत होते. पांढरा चिकट चीक सगळ्यांच्या कोपरापर्यंत आला होता. अंगणावर चादर बांधली होती, तरी ऊन आत येत होतं. फाटकासमोर एक मोटारसायकल थांबली. मागे बसलेल्यानं मोबाइल उंच धरला. सुलभानं मान वर केली नाही. वरवंटा चालू राहिला. मोटारसायकल गेली.

"दुखतंय का हात?" रत्नप्रभानं विचारलं.

"नाही. बरं वाटतंय." थोडा वेळ वाटून ती म्हणाली, "आई, त्या दिवशी काय झालं होतं, ते तुला सांगून जायचंय."

रत्नप्रभानं फडक्यात नवा गोळा घेतला.

"माझ्या लॉकरमध्ये नेलपॉलिशची बाटली होती. लावत नव्हते, नुसती ठेवली होती. विनायकला सापडली. दोघांनी माझे हात धरले आणि त्यानं दहाही नखं रंगवली, सगळ्या शिफ्टसमोर. सावकाश, एकेक. म्हणाला, आता असाच फाटकातून बाहेर जा, चौकात सगळ्यांना दिसू दे, तुझ्या बापालाही. हात सुटले तेव्हा समोर पाना होता." तिनं वरवंटा उभा केला, कडेचा चीक बोटानं निपटला. "त्यानं केलं ते डोळा जावा एवढं नव्हतं. हे मला त्या क्षणीही कळत होतं. म्हणून कोर्टात बोलले नाही."

रत्नप्रभा फडकं पिळत राहिली. पिळून त्यात काही उरलं नव्हतं तरी पिळत राहिली.

मग सुलभाच एकदम हसली. "पण इतकी वर्षं घरात कधी सापडले नाही बघ. बाबांच्या घंटीमुळं. कोपऱ्यापासून दारापर्यंत पंचेचाळीस आकडे व्हायचे. मी मोजायची. तेवढ्यात साडी सोडायची, घडी घालायची, ट्रंकेत ठेवायची, पुस्तक उघडून बसायचं. कुणाच्या बापाला एवढी चांगली सवय नसेल."

नीळकंठरावांचे हात कोंड्यात थांबले. रत्नप्रभानं त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पहिली घंटी चांगली होती," ती म्हणाली. "एका सोमवारी उगाच मोठी आणून बसवली त्यांनी. का, ते मी कधी विचारलं नाही." आणि तिनं चिकाचं पातेलं उचलून सावलीत नेऊन झाकलं.

गुरुवारी पहाटे नीळकंठराव दूध आणायला गेले आणि परतताना मागचं चाक बसलं. पंक्चरवाला नुकताच दुकान उघडत होता. "शाम को ले जाना, बाबूजी," म्हणाला. मग नजर चाकावरच ठेवून त्यानं विचारलं, "आज है ना?"

"हाँ."

"अच्छा." त्यानं सायकल उलटी करून ठेवली. आणखी काही विचारलं नाही, याचं नीळकंठरावांना बरं वाटलं.

ते पायी परत आले. कडुलिंबाखालून आले, फाटक उघडंच होतं. पायात रबरी चपला होत्या. मागच्या दारात ते उभे राहिले तेव्हा आत कोणालाच चाहूल लागली नव्हती.

सुलभा शेगडीपुढे उभी होती. कोर्टात जायचं म्हणून आईची साडी नेसली होती, फिकट करडी, बारीक काठाची. पदर खोचून ती उकळत्या आधणाकडे बघत होती, एक हात कमरेवर. ती वळली. बाप दिसला. आणि तिचा हात झटकन खांद्यावर गेला, पदर ओढून सोडायला. छत्तीस वर्षांची, उंच, कोर्टाचा हुकूम झालेली बाई; तिला लपवायला आता काही उरलं नव्हतं. तरी हात गेलाच. डोळे बारीक झाले, खांदे आत ओढले गेले, ओठ पंचेचाळीस मोजायला लागल्यासारखे हलले.

मग तिचं तिलाच कळलं. हात खाली आला.

"बाबा. घंटी नाही वाजली."

"पंक्चर झाली," नीळकंठराव म्हणाले. ते दूध ओट्यावर ठेवायला गेले आणि ठेवायचं विसरून पिशवी धरून उभे राहिले.

चीक शिजवायला घेतला. आधणात मीठ, हिंग पडलं. रत्नप्रभा पांढरी धार ओतू लागली आणि सुलभा लाकडी दांड्यानं घोटू लागली. चीक आधी पातळ असतो, मग अचानक धरतो, आणि धरला की थांबायचं नसतं. थांबलं तर गाठी होतात, चार दिवसांचं सगळं वाया. सुलभाच्या दंडाच्या शिरा वर आल्या. वाफ तोंडावर येत होती. पांढरा रंग जाऊन चीक काचेसारखा झाला तेव्हा रत्नप्रभानं झाकण घातलं. वाटीत थोडा काढून, तेल घालून तिनं लेकीला दिला. लेकीनं उभ्यानंच खाल्ला. मग साचा घेऊन तिघं गच्चीवर गेली. सूर्य कारखान्याच्या धुराड्यामागून वर येत होता. सुलभा साचा दाबे, धार गोल गोल पडे, रत्नप्रभा बोटानं तोडे. आठ वाजेपर्यंत दोन बाजा भरल्या. कोणाला द्यायच्या, ते कोणी बोललं नाही.

"सांगेन म्हटलं होतं, पण मी येणार नाही कोर्टात," रत्नप्रभा म्हणाली. "गाडीत चढवताना मला बघवणार नाही. शिवाय हे उन्हात आहे." तिनं लेकीच्या पदराला लागलेला चीक नखानं खरवडून काढला. "नीट खात जा."

"येता का, काका?" सुचेतानं खाली आणलेल्या भाड्याच्या गाडीचं दार उघडत विचारलं. नीळकंठराव आधीच पुढच्या सीटवर बसले होते.

कोर्टाची खोली लहान होती आणि पंखा मोठा आवाज करत होता. मागच्या बाकावर वसंतराव आणि विनायक बसले होते. विनायकनं काळा चष्मा घातला होता. पेपरवाला एक होता, बाकी टाउनशिपमधले पाच-सहा. सुलभा आत आली तेव्हा कोणीतरी घसा खाकरला आणि दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

सरकारी वकील बोलले. साहब, पाच साल केस चला, एक बार ज़िक्र नहीं. अपील ख़ारिज हुई, और अगले दिन ये औरत हो गईं. त्यांनी 'ये' वर थोडा जोर दिला आणि मागे हशा पिकला. न्यायाधीशांनी वर पाहिलं, हशा थांबला.

नीळकंठरावांना पुढे बोलावलं. ते कठड्याला धरून उभे राहिले. लोकांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. निरोप समारंभातही ते दोन वाक्यांत खाली बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आपने बचपन से ऐसा कुछ देखा?" न्यायाधीशांनी विचारलं.

"देखा, साहब."

मागच्या बाकाचं लाकूड वाजलं.

"कब?"

"पच्चीस साल पहले. शनिवार था. ग्यारह साल की थी. माँ की साड़ी पहनकर चावल बीन रही थी."

"बस इतना? बच्चे तो खेलते हैं," सरकारी वकील म्हणाले. "फिर कभी देखा?"

"नहीं."

"पच्चीस साल में एक बार. और आज याद आया?"

"फिर देखना न पड़े, इसलिए मैंने साइकिल में बड़ी घंटी लगवाई," नीळकंठराव म्हणाले. "मोड़ पर बजाता था. कि वो सुन ले, और जो है सो समेट ले. पच्चीस साल बजाई. सोमवार को भी बजाई, कल भी." त्यांचा आवाज इतका खाली गेला की न्यायाधीश पुढे झुकले. "मैं टाइम ऑफिस में था, साहब. गैरहाज़िर को मैंने कभी हाज़िर नहीं लिखा. पर ये हाज़िर थी. रोज़ हाज़िर थी. मैंने गैरहाज़िर लिखा."

नीळकंठरावांनी सुलभाकडे पाहिलं नाही. ते कठड्याच्या लाकडाकडे बघत होते. पण तिचा श्वास त्यांना ऐकू आला, चीक घोटताना यावा तसा, जड.

हुकूम दुपारी झाला. सजेत फरक नाही. डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत कैद्याला पुरुषांच्या बराकीत ठेवू नये. महिला विभागाच्या आवारात वेगळी कोठडी द्यावी. झडती महिला शिपायानं घ्यावी. सुचेतानं ते दोनदा वाचलं आणि कागद छातीशी धरला.

दोन महिला शिपाई आल्या. त्यातली एक सुलभाला हात लावावा की नाही या विचारात क्षणभर थांबली. मग तिनं नुसतं "चलो" म्हटलं. सुलभा बापासमोर थांबली.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते नीळकंठरावांना नीट वाचता आलं नाही. राग होता. आणखीही काही असेल. ती वाकली, त्यांच्या पायांना हात लावला की पदर सावरला, तेही त्यांना कळलं नाही, आणि शिपायांबरोबर गेली.

बाहेर पायऱ्यांवर वसंतराव उभे होते. विनायक खाली, गाडीपाशी. एका डोळ्यानं बघायचं तर त्याला अख्खी मान वळवावी लागे. पोलिसांची गाडी निघाली तेव्हा त्यानं मान वळवली नाही.

"मंगळवारी तू मला नाही म्हणालास," वसंतराव म्हणाले.

"हो."

"खोटं."

"हो, वसंता."

वसंतराव काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, फळ्यावर आपला बिल्ला शोधत असल्यासारखे. "तो खाडाही मी उगाच मानला मग," म्हणाले आणि कठडा धरून एकेक पायरी उतरून गेले. विनायकनं हात पुढे केला, त्यांनी तो धरला.

सुचेता सोडते म्हणाल्या, पण नीळकंठराव बसनं परत आले. बाजारात उतरून पंक्चरवाल्याकडे गेले. चाक तयार होतं. त्यानं पैसे घेतले, मग हवा पुन्हा एकदा दाबून बघितली आणि म्हणाला, "घंटी ढीली थी, बाबूजी. कस दी है."

ऊन उतरलं होतं. लाइनीत पाण्याचे टँकर येऊन गेल्याचा ओलावा होता. वसंतरावांच्या फाटकाला आतून कडी होती. नीळकंठराव कोपऱ्यावर आले. मनात काही नव्हतं, डोक्यात जेलचं फाटक होतं, आणि कडुलिंबापाशी अंगठा गेला. दोनदा लांब, एकदा आखूड. नव्यानं कसलेली घंटी खणखणीत वाजली. लाइनीत दोन-तीन पडदे हलले.

ते तिथंच उतरले. सायकल धरून उभे राहिले आणि नकळत मोजू लागले. पंचेचाळीसपर्यंत मोजलं. आत आवरून ठेवायला कोणी नव्हतं.

गच्चीवरून रत्नप्रभानं खाली पाहिलं. तिच्या हातात पहिली वाळलेली कुरडई होती.

"या वर," ती म्हणाली. "उलटायच्या राहिल्यात. माझ्या एकटीनं होत नाही."